तिखट सोडलं, तरी पोटातली आग का जात नाही?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत दुकानात दिवसभर सामसूम असते आणि संध्याकाळी पाचनंतर एकदम गर्दी होते. गेल्या हंगामात अशाच एका बाजाराच्या संध्याकाळी ओळखीच्या एक मावशी आल्या. बोंडांच्या टोकांनी बोटं ओरखडून गेलेली, पदराच्या गाठीत दिवसाची मजुरी. म्हणाल्या, "भाऊ, कंबरदुखीच्या दहा गोळ्या दे. अन् पित्ताच्या बी पाच दे. पोटात आग पडून राह्यली."

कधीपासून, असं विचारलं.

"दिवाळीपासून. तिखट तं मी कवाचंच सोडलं. चहा बी सोडला. तरी काऊन थांबत नाही?"

त्या मागत होत्या ती पहिली गोळीच बहुधा त्या आगीला कारण होती, आणि हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. त्या 'कोणीच'मध्ये मीही आलो. अनेक वर्षं मी त्या दोन्ही गोळ्या एकाच पाकिटात घालून देत आलो आहे. मावशींनी विचारलेला प्रश्न दर हंगामात शंभर जण विचारतात, म्हणून त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहितो.

अल्सर म्हणजे नेमकं काय?

अल्सर म्हणजे व्रण, न भरलेली जखम. तोंड आलं की ओठाच्या आत पांढरट खळगा पडतो, तसाच खळगा जठराच्या आतल्या अस्तराला पडतो, किंवा जठर संपून लहान आतडं सुरू होतं तिथे पडतो. डॉक्टर त्याला पेप्टिक अल्सर म्हणतात. इथून पुढे अल्सर म्हटलं की तोच समजा. खळगा दिसायला तोंडातल्यासारखा असला, तरी तोंड येण्याशी त्याचा संबंध नाही. मोठ्या आतड्याला सूज येऊन शौचातून रक्त जातं तो अल्सरेटिव्ह कोलायटिसही वेगळा आजार आहे आणि त्याची औषधं वेगळी.

आपल्याकडे 'पित्त', 'गॅस', 'अॅसिडिटी' हे शब्द पोटाच्या कुठल्याही दुखण्याला लावतात. खरं म्हणजे पोटात जळजळणाऱ्या बहुतेकांना अल्सर नसतोच. कोणाला नुसतं अपचन असतं, कोणाचं आंबट पाणी घशाशी येतं, कोणाच्या पित्ताशयात खडे असतात. छातीच्या खालच्या बाजूला 'गॅस' समजून दाबून ठेवलेलं दुखणं हृदयविकाराचा झटका निघाल्याचंही मी पाहिलं आहे. अल्सरचं दुखणं सहसा बेंबीच्या वर, दोन्हीकडच्या बरगड्या मिळतात त्याच्या खाली असतं. आत काहीतरी कुरतडतंय असं वाटतं. व्रण आतड्याच्या सुरुवातीला असेल तर पोट रिकामं असताना, विशेषतः रात्री एक-दोन वाजता दुखण्याने जाग येते आणि भाकरीचा तुकडा खाल्ला की थोडं निवतं. व्रण जठरात असेल तर उलट जेवताच दुखणं वाढतं, माणूस जेवायला भितो आणि वजन उतरतं. ही झाली पुस्तकातली विभागणी, प्रत्यक्षात माणसाचं पोट इतक्या शिस्तीने दुखत नाही. म्हाताऱ्या माणसांत आणि रोज पेनकिलर घेणाऱ्यांत तर कधी कधी काहीच दुखत नाही, आणि पहिली खूण म्हणून थेट रक्तच पडतं.

पोटातलं तेजाब पोटालाच का खात नाही?

इथून विषयाचं मूळ सुरू होतं. जठरात रोज साधारण दीड ते दोन लिटर पाचकरस तयार होतो. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, संडास धुवायच्या बाटलीत असतं तेच. सोबतीला पेप्सिन नावाचा मांस विरघळवणारा रस. रविवारी खाल्लेलं मटण या दोघांच्या जोरावर पचतं. मग जठर स्वतः काय आहे? तेही मांसच. ते कसं वाचतं?

त्याचं उत्तर सारवण. मातीचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. शेणामातीचा हात फिरवलेल्या अंगणात पाण्याचे चार शिंतोडे पडले तरी जमीन उखडत नाही, पण आजी दर दोन-चार दिवसांनी सारवते म्हणूनच ते टिकतं. जठराच्या आतून असाच एक चिकट, बुळबुळीत थर असतो. त्यात खायच्या सोड्यासारखा क्षार मुरलेला असतो, त्यामुळे आम्ल अस्तरापर्यंत पोचेपोचेतो मवाळ होतं. खालच्या पेशीही दर काही दिवसांनी गळून नव्या येतात. हे सारवण चालू ठेवा, असा हुकूम देणारं एक रसायन शरीर स्वतः बनवतं, त्याचं नाव प्रोस्टाग्लँडिन. नाव अवघड आहे, पण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आम्ल तर तुमच्या पोटात आहे तसंच माझ्याही पोटात आहे. म्हणून अल्सर झाला की आधी विचारायचं ते सारवण कुठे आणि कशाने उखडलं हे. उखडण्याची बाकी कारणं थोड्या जणांत सापडतात. बहुतेकांत दोनांपैकी एक कारण निघतं, आणि त्या दोनांत मिरची नाही.

पहिलं कारण : सारवणाखालची उधई

उधई, म्हणजे वाळवी, भिंतीवर चढताना स्वतःभोवती मातीची नळी बांधत चढते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. उन्हा-वाऱ्यापासून ती त्या नळीत सुरक्षित राहते. जठरात असाच एक जंतू राहतो : हेलिकोबॅक्टर पायलोरी. आकाराने पीळ दिलेल्या दोरीसारखा. तो युरियापासून अमोनिया बनवतो आणि त्या अमोनियाचं कवच स्वतःभोवती धरतो. अमोनिया आम्लाला मारतो, त्यामुळे तेजाबाच्या डोहात राहूनही जंतूला काही होत नाही. तसाच तो चिकट थरात शिरतो आणि खाली अस्तराला वर्षानुवर्षं सूज आणत राहतो. एखाद्या ठिकाणी सारवण पार निघतं, आम्ल आत उतरतं आणि खळगा पडतो.

इतक्या आम्लात जंतू जगूच शकत नाही, असं डॉक्टर मंडळी १९८० पर्यंत ठामपणे मानत होती. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन हे पॅथॉलॉजिस्ट जठराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असत. त्यांना १९७९ पासून हे पिळाचे जंतू दिसू लागले. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. जंतू प्रयोगशाळेत वाढेचना. त्या काळी दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशी फेकून देत. १९८२ साली ईस्टरची सुटी आली, बशा पाच दिवस तशाच राहिल्या, आणि जंतू उगवला. त्याला नुसता वेळ जास्त लागत होता. तरीही लोक मानेनात, तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली त्या जंतूंनी भरलेलं पाणी स्वतः प्यायलं. काही दिवसांत मळमळ, उलट्या सुरू झाल्या, तोंडाला घाण वास येऊ लागला. दुर्बिणीने पाहिलं तर जठराला सूज आणि त्यात तेच जंतू. २००५ साली या दोघांना नोबेल मिळालं.

जंतूचा शोध लागण्याआधी अल्सरच्या माणसाला 'टेन्शन घेऊ नका, दूध-भात खा' असं सांगत आणि शेवटी जठराचा तुकडा किंवा त्याची नस कापत. आपल्या भागातल्या जुन्या माणसांच्या पोटावर छातीखालून बेंबीपर्यंत टाक्यांची लांब खूण दिसते, त्यातल्या काही त्या काळच्या ऑपरेशनच्या असतात. आज ते दुखणं बहुतेक वेळा दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी जातं. वैद्यकात इतका मोठा बदल मला दुसरा पटकन आठवत नाही.

हा जंतू आपल्या देशात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात आहे. लागण बहुतेक लहानपणी, घरातल्या घरातच होते. दाटीवाटीचं घर, खराब पाणी, शौचानंतर न धुतलेले हात ही त्याची वाट. म्हणून जंतू सापडला तर घाबरायचं कारण नाही. ज्यांच्या पोटात तो आहे अशा शंभरातल्या साधारण दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी अल्सर होतो.

दुसरं कारण : अंगदुखीची गोळी

डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नायमेसुलाइड, पायरॉक्सिकॅम, अॅस्पिरिन. नावं वेगळी, कुळ एक. दुखऱ्या जागी शरीर जे रसायन बनवतं ते या गोळ्या बंद करतात, म्हणून दुखणं थांबतं. ते रसायन म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. सारवणाचा हुकूम देणारं तेच. गोळीला कंबर आणि जठर यांतला फरक कळत नाही. ती दोन्हीकडचं काम थांबवते. आजीने सारवायचं सोडलं की अंगणाची जी गत होते, ती मग पोटाची होते.

कधीमधी डोकं दुखलं, एखादी गोळी घेतली, त्याने सहसा बिघडत नाही. पण वेचणीचे दिवस म्हणजे रोज आठ-नऊ तास कंबरेत वाकणं. निंदणाचंही तसंच. संध्याकाळची गोळी हा मजुरीचाच भाग होऊन बसतो, आणि तीन-चार महिने रोज एक, कधी दोन, असं चालतं. त्यात आपल्याकडची सुट्या 'डोज'ची पद्धत. कागदाच्या पुडीत तीन-चार रंगांच्या गोळ्या. त्यात एक पेनकिलर असते, पुष्कळदा दुसऱ्या नावाची अजून एक पेनकिलर, आणि कधी कधी बारकीशी पांढरी स्टेरॉइडची गोळी. त्या बारक्या गोळीने माणसाला जादू झाल्यासारखं हलकं वाटतं, म्हणून तो त्याच पुडीसाठी परत येतो. पेनकिलर आणि स्टेरॉइड एकत्र पडले की अल्सरचा धोका नुसत्या पेनकिलरपेक्षा कितीतरी पटीने वाढतो. वय साठीपुढे असेल, आधी अल्सर होऊन गेला असेल, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आणखी. पोटात आधीच तो जंतू असेल तर दोन्ही कारणं एकमेकांना जोर देतात.

आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांना हाडं-सांधे दुखण्याचे झटके येतात आणि पेनकिलर वारंवार लागते. त्यांनी पोटाच्या दुखण्याकडे अजिबात कानाडोळा करू नये. अंगात रक्त आधीच कमी, त्यात पोटातून थेंब थेंब गेलं तर पटकन उमगतही नाही.

जेवल्यावर घेतली तर? इंजेक्शन घेतलं तर?

हे दोन प्रश्न मला रोज येतात. जेवून गोळी घेतली की मळमळ, जळजळ कमी होते, हे खरं. पण अल्सरपासून वाचवायला ते पुरत नाही. कारण गोळी जठराला वरून चटका देते म्हणून एवढं होत नाही. ती रक्तात मिसळते आणि रक्तातून येऊन सारवण बंद पाडते. इंजेक्शन थेट रक्ताच्याच वाटेने जातं, त्यामुळे 'सुई घेतली म्हणजे पोटाला त्रास नाही' ही समजूत पूर्ण चुकीची आहे. सलाइनमधून दिलं तरी तेच.

मग मिरची, चहा, उपास, घोर?

भिवापुरी मिरचीने किंवा सावजी रश्श्याने पोटात खळगा पडतो याला पुरावा नाही. बोट कापलेलं असताना ठेचा वाटला की झोंबतं, पण बोट कापलं ते विळीने. तसंच हे. अल्सर असताना तिखटाने जळजळ वाढत असेल तर ते कमी करावं, नसेल वाढत तर बेताने खायला हरकत नाही. चहाचंही तेच. एकादशी-चतुर्थीच्या उपासात पोट रिकामं राहतं म्हणून दुखणं जाणवतं, पण व्रण उपासाने होत नाही.

दुधाने बरं वाटतं ते थोडा वेळ. दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम नंतर आम्ल वाढवतात. दूध प्यावं, पण औषध म्हणून पिऊ नये.

बिडी-सिगारेट मात्र खरंच वाईट. तिने अल्सर होण्याचा धोका वाढतो आणि झालेला भरायला वेळ लागतो. मोहाची असो की बाटलीतली, दारू अस्तराला सूज आणते.

राहिला घोर. कर्जाचा, पावसाचा, मुलीच्या लग्नाचा. ज्याला झोप नाही त्याचं पोट जास्त दुखतं, हे मी दुकानात बसून पाहतो आणि ते खोटं नाही. पण 'तुम्हाला टेन्शनमुळे होतंय' एवढं सांगून एखाद्या शेतकऱ्याला तपासणीशिवाय घरी पाठवलं तर त्याच्या पोटातला जंतू तसाच राहतो.

दुर्बिणीची भीती

अल्सर आहे की नाही हे खात्रीने कळायला एंडोस्कोपी लागते. लोक तिला 'दुर्बीण टाकणं' म्हणतात. सहा-आठ तास उपाशीपोटी जायचं. घशात बधिर करणारा फवारा मारतात आणि बोटापेक्षा बारीक, लवचीक नळी तोंडातून आत सोडतात. तिच्या टोकाला कॅमेरा असतो. पाच-दहा मिनिटांचं काम. उमाळे येतात, डोळ्यांत पाणी येतं, पण श्वास अडत नाही, कारण नळी अन्नाच्या वाटेने जाते.

आत गेल्यावर अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढतात. तो दुखत नाही. त्यातला एक कण पिवळ्या जेलच्या छोट्या डबीत टाकतात. जंतू असेल तर तो तिथेही आपला अमोनिया बनवत राहतो आणि पिवळं जेल हळूहळू गुलाबी होतं. मी हे स्वतः पाहिलं आहे, कडेपासून रंग कसा चढत जातो ते. ज्या कवचाच्या जोरावर तो इतकी वर्षं लपला, त्याच कवचाने तो पकडला जातो.

तरुण माणूस असेल आणि धोक्याची कोणतीही खूण नसेल, तर डॉक्टर दुर्बिणीशिवायही फुंकरीच्या किंवा शौचाच्या तपासणीवरून जंतू शोधतात. रक्ताची तपासणी तेवढी कामाची नाही, कारण जंतू निघून गेला तरी रक्तातली खूण बराच काळ राहते. एक गोष्ट आवर्जून सांगतो. पित्ताची गोळी चालू असेल तर जंतू दबून बसतो आणि तपासणी खोटी 'निगेटिव्ह' येऊ शकते. डॉक्टर सहसा तपासणीआधी ती गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद ठेवायला सांगतात. आपण काय काय खातो हे त्यांना लपवलं तर तपासणीचा खर्च पाण्यात.

तालुक्याला ही सोय बहुधा मिळत नाही. यवतमाळ, अकोला, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामला जाणारे आमच्याकडून बरेच असतात. आधी दुर्बिणीचा वार विचारून घ्यावा, म्हणजे एसटीची फेरी आणि दिवसाची मजुरी वाया जात नाही.

उपचार : चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस

जंतू सापडला तर आम्ल कमी करणारी, म्हणजे पित्ताची, गोळी आणि दोन अँटिबायोटिक, बऱ्याचदा सोबत बिस्मथ, असा कोर्स चौदा दिवस देतात. दिवसाच्या गोळ्यांचा ढीग होतो. तोंड कडू पडतं, मळमळतं, बिस्मथने शौच आणि जीभ काळी होते. पाचव्या दिवशी पोट शांत झालं की माणूस म्हणतो, 'बरं वाटलं, आता कशाला?' आणि उरलेल्या गोळ्या कोनाड्यात ठेवतो. शेतात अर्धं निंदण करून सोडलं तर तण दुप्पट जोराने येतं. इथेही अर्धवट मारलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. भारतात क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडॅझोल या दोन्ही औषधांना न जुमानणारे जंतू आधीच खूप आहेत. म्हणून दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून तोच कोर्स मागू नये. डॉक्टरला पूर्वी कुठली अँटिबायोटिक घेतली ते सांगावं, पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर तेही सांगावं. मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू वर्ज्य.

पूर्वी नुसत्या आम्लाच्या गोळीने अल्सर भरायचा आणि बहुतेकांचा वर्षभरात पुन्हा उघडायचा. जंतू गेला की तो क्वचितच परत येतो. पण गेला का, हे कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी तपासूनच ठरतं. जठरातला व्रण असेल तर भरला की नाही ते डॉक्टर पुन्हा दुर्बिणीने पाहतात, कारण कधी कधी कॅन्सर अल्सरच्या रूपात बसलेला असतो. या जंतूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ सालीच कॅन्सरला कारणीभूत म्हणून जाहीर केलं आहे. कॅन्सर होतो तो जंतू असलेल्यांपैकी फार थोड्यांना, पण दुसऱ्यांदा दुर्बिणीला बोलावलं तर टाळू नये.

पेनकिलरमुळे झालेला अल्सर असेल तर ती गोळी थांबवणं हाच पहिला उपचार. सोबत आम्लाची गोळी चार ते आठ आठवडे. हृदयासाठी दिलेली अॅस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका, त्याने झटका येऊ शकतो. डॉक्टरला विचारूनच काय ते करा.

पित्ताची गोळी रोज घेतली तर काय बिघडतं?

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही औषधं उत्तम आहेत. जठरात आम्ल ओतणारे जे बारीक पंप असतात ते ही बंद करतात. पंप जेवण सुरू झालं की चालू होतात, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, उपाशीपोटी घ्यायची. बरेच लोक ती जेवून झाल्यावर घेतात आणि 'गुण नाही' म्हणतात.

माझी तक्रार गोळीबद्दल नाही, ती चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षं घेण्याबद्दल आहे. आग विझते, खालची उधई जिवंत राहते. कॅन्सरची सुरुवात असेल तर तीही काही महिने झाकली जाते. फार काळ घेतल्याने बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. आणि बऱ्याच महिन्यांनी एकदम सोडली तर आम्ल उसळी मारतं, माणसाला वाटतं आजार परत आला, आणि तो पुन्हा गोळीकडे वळतो.

आयुर्वेदात काही नाही का?

माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात परिणामशूल नावाचं दुखणं सांगितलं आहे, अन्न पचत असताना उठणारं. म्हणजे हे दुखणं आपल्या वैद्यांच्या ओळखीचं आहे. ज्येष्ठमधाचा तर आधुनिक वैद्यकानेही उपयोग केला. त्यातल्या द्रव्यापासून बनवलेलं कार्बेनॉक्सोलोन हे औषध १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अल्सरवर देत. व्रण भरायचे, पण रक्तदाब वाढायचा आणि अंगावर सूज यायची, म्हणून पुढे ते मागे पडलं. झाडपाल्याचं औषधही औषधच असतं, त्याला गुण असतो आणि अवगुणही. वैद्याकडून जरूर घ्या. पण जंतू आहे की गेला ही तपासणी दोन्हीकडे सारखीच लागते. आणि बिननावाचं 'सांधेदुखीचं चूर्ण' कोणी गावात विकत असेल तर सावध राहा, काहींत स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

काळी शी दिसली तर

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

अल्सर रक्तवाहिनीपर्यंत गेला की रक्त पोटात सांडतं. आम्लात ते काळं पडतं आणि शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं होतं. उलटी झाली तर चहाच्या चोथ्यासारखी किंवा लाल. चक्कर, घाम, पायातलं बळ गेल्यासारखं वाटणं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होतं, आपल्याकडे बायका त्या घेतात म्हणून घोटाळा होतो. पण लोहाचं शौच सहसा घट्ट आणि हिरवट-काळं असतं, चिकट डांबर नसतं. शंका असेल तर रक्त समजूनच चालावं. दवाखान्यात वेळेत पोचलं तर दुर्बिणीतूनच इंजेक्शन देऊन किंवा बारीक चिमटा लावून रक्त थांबवता येतं.

दुसरं संकट अल्सर फुटण्याचं. अचानक सुरी खुपसल्यासारखं दुखणं, पोट लाकडासारखं कडक, माणूस हलायलाही तयार नाही. अशा वेळी पाणीसुद्धा देऊ नका, शेक देऊ नका, पेनकिलर तर मुळीच नको. १०८ ला फोन करा. सर्जन पोटातल्याच चरबीच्या पडद्याचं ठिगळ त्या भोकावर टाकून शिवतात, गोधडीला लावतो तसं. तासांचा उशीर इथे जिवाशी येतो. खर्चाची भीती असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल विचारा, पण आधी रुग्णालयात पोचा.

वजन उतरणं, घास अडकणं, पुन्हा पुन्हा उलट्या, रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली पोटाची तक्रार, यातलं काही असेल तर गोळी मागायला माझ्यासारख्याच्या दुकानात येऊ नका. डॉक्टरकडे जा.

पण गोळी न घेता वेचणी कशी करायची?

हा सगळ्यात खरा प्रश्न. 'आराम करा' हे उत्तर मजुराला देणं बरं दिसत नाही. पॅरासिटामॉल या कुळातलं नाही, ते सारवण बंद पाडत नाही. मोठ्या माणसाने ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर. रोज दारू घेणाऱ्याने किंवा यकृताचा आजार असलेल्याने मात्र डॉक्टरला विचारावं. दुखऱ्या जागी चोळायचं पेनकिलरचं मलम रक्तात फार थोडं उतरतं, त्यामुळे ते गोळीपेक्षा पुष्कळ सुरक्षित. रात्री गरम पाण्याचा शेक. बोजा कंबरेला न बांधता दोन्ही खांद्यांवर येईल अशी वेचणीची झोळी शिवून घेतलेल्या बायका मला सांगतात की फरक पडतो. आणि पेनकिलर खरंच रोज लागतच असेल, तर डॉक्टरला सांगून कमीत कमी मात्रेत, एकाच नावाची, आणि सोबत पोटाच्या संरक्षणाची गोळी घेऊन.

त्या मावशींना मी त्या दिवशी गोळ्या दिल्या नाहीत. त्या रागावून गेल्या. चार दिवसांनी मुलाला घेऊन आल्या. मी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. पिशवीत निघाले नुसते कापलेले तुकडे. पट्टी कापताना नाव असलेला भाग दुकानातच राहिला होता, त्यातला कुठला तुकडा कशाचा हे मलाही ओळखता येईना. तेव्हापासून मी पट्टी कापतो ती नाव गिऱ्हाइकाकडे जाईल अशी, आणि ते जमत नसेल तर पाकिटावर लिहून देतो. तुम्हीही दुकानदाराकडून हट्टाने लिहून घ्या.

दुर्बिणीत मावशींच्या आतड्याच्या सुरुवातीला व्रण निघाला, आणि पिवळं जेल गुलाबी झालं. दोन्ही कारणं हजर होती. चौदा दिवसांचा कोर्स त्यांनी एकही गोळी न चुकवता पूर्ण केला. पुढच्या महिन्यात फुंकरीची तपासणी आहे. ती तारीख मी त्यांच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून दिली, आणि खाली, त्याआधी दोन आठवडे पित्ताची गोळी बंद ठेवायची, हेही.